गुणाचा पोरगा

आज गच्चीवर बिबडे होते, आमच्याकडचे ज्वारीचे पापड. घाट्याचं, म्हणजे शिजवलेल्या पिठाचं, पातेलं मीच वर नेऊन दिलं. ओल्या धोतरावर थापता थापता आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "कोरोनात हा घरीच होता, पण इतका गुणाचा वागला! ना बाहेर जाणं, ना कशाचा हट्ट. वाढलं ते खायचं, नाहीतर पडून राहायचं."

काकूंनी कौतुकाने पाहिलं. मी वाटीत घाटा घेतला, वर तेल ओतलं आणि खाली आलो. तेव्हापासून चैन नाही.

गुणाचा म्हणे! बाकी कुणाला नाही, पण आईला तरी कळलं असेल असं इतकी वर्षं धरून चाललो होतो. पहाटेपर्यंत कूलरची घरघर ऐकत पडलेला असायचो. आंघोळीला दुपार. हट्ट करायला काहीतरी हवंसं वाटावं लागतं ना?

कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. राज्य सरकार म्हणे परीक्षा नाही. ६ जुलै २०२० ला यूजीसी म्हणाली, सप्टेंबरअखेर घ्याच. त्याच आठवड्यात जळगावात पुन्हा कडक लॉकडाऊन. मग २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्ट: परीक्षेशिवाय पास करता येणार नाही. ग्रुपवर पीडीएफ पडली की छातीत धडधडायचं. पुस्तक उघडायचो, त्याच पानावर मिटायचो. अण्णा गेले तेही त्याच दिवसांत. ते आज नको.

आणि आईला हे सगळं गुणाचं वाटलं.

आता १४४१६ नंबर आहे, टेलिमानसचा, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. २०२२ मध्ये सुरू झाला, फुकट आहे, मराठीतही बोलतात. तेव्हा असता तर लावला असता का? कुठून लावणार! आमच्या मधल्या घराला दार नाही, पडदा आहे. "झोप येत नाही" एवढं म्हणालो असतो तरी ओट्यापर्यंत ऐकू गेलं असतं. "काय व्हयनं तुले?" करत गल्ली गोळा झाली असती, आजीने मीठ-मिरच्या ओवाळल्या असत्या, आणि पलीकडच्या समुपदेशकाला त्या धुराने ठसका लागला असता. लिहिता लिहिता मलाच हसू आलं.

तरी आईला सांगावं का? आज तर नाहीच, काकू अजून वरच आहेत. असू दे, गुणाचा तर गुणाचा. ऑक्टोबरात घरबसल्या पर्यायांवर टिचक्या मारून मिळवलेल्या डिग्रीला अजून 'कोरोना बॅच' म्हणून हसतात लोक. परीक्षा न देता मिळालेलं हे एकच सर्टिफिकेट आहे, ज्यावर कुणी शंका घेत नाही.