व्हीआर घराघरात, पुढच्या वर्षी नक्की!

आज बऱ्याच दिवसांनी व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी जग उभं करणारा) हेडसेट डोक्यावर चढवला. पहिली काही मिनिटं अजूनही भारी वाटतात, खोटं कशाला बोलू. मग गेममध्ये हातातल्या कंट्रोलरच्या स्टिकने पळायला लागलो आणि ढवळायला लागलं. डोळे म्हणतात पळतोयस, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते जागचा हललेला नाहीस. दोघांच्या भांडणात मार पोटाला!

२०१२ मध्ये व्हीआर हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे केले, २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २ अब्ज डॉलरना घेतली. तेव्हापासून ‘पुढच्या वर्षी नक्की’ ऐकतोय. (१९९५ चा निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय, डोळे लावून खेळायचा गेम कन्सोल, आठवतोय का कुणाला? तो तर वर्षभरही टिकला नाही.) २०२० मध्ये ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ हा खास व्हीआरसाठीचा मोठा गेम आला तेव्हा वाटलं, आता अशा गेमची रांग लागणार. कसली रांग! हेडसेट कमी खपतात म्हणून मोठे स्टुडिओ हात आखडतात, आणि मोठे गेम नाहीत म्हणून हेडसेट खपत नाहीत.

माझ्या मते ‘बीट सेबर’सारखे, जागेवर उभं राहून खेळायचे छोटे गेमच यात टिकतील. घाम निघतो, मळमळत नाही. तुमच्यापैकी कुणाचा हेडसेट अजून चार्ज केलेला असतो?