अंगणातली कार्यशाळा: लाकडाचा हिशेब लागला

मंडळी, नकाशावरून लाकडाची यादी तयार झाली. खोली 10 बाय 12 फूट, भिंत आठ फुटांची, वर दुपाखी पत्रा, सगळा सांगाडा लाकडी.

भिंतीतले उभे खांब, म्हणजे उभे, सगळे 2 बाय 4 इंची, 16 इंचांवर एक. 12 फुटी भिंत म्हणजे 144 इंच. भागिले 16 नऊ, टोकाचा एक धरून दहा. 10 फुटी भिंती मोठ्या भिंतींच्या मधे बसतात, दोन्हीकडचे चार-चार इंच गेले की 112 उरतात, तिथे आठ. झाले 36. आतून फळ्या ठोकायला कोपऱ्यागणिक एक जादा, आणि दार-खिडकीच्या बाजूंना मिळून चार. एकूण 44. अमेरिकेतले सुतार या अंतराला भिंतीच्या फुटामागे एक उभा असा ढोबळ आकडा धरतात. आपला घेरही 44 फूटच, म्हणजे ताळा जमला.

खाली एक आणि वर दोन अशा आडव्या पट्ट्या मिळून 132 फूट. 12 फुटी अकरा नगांत बसतात. वरच्या दोन थरांचे सांधे मात्र एकावर एक येऊ द्यायचे नाहीत.

वाशांना फुटामागे सहा इंच चढ. खोलीच्या निम्म्या रुंदीचे पाच फूट आणि वळचणीचा दीड फूट मिळून साडेसहा, गुणिले 1.118 (या चढाचा तिरप्या लांबीचा गुणक), म्हणजे सव्वासात फुटांच्या किंचित वर. नग आठ फुटीच घ्यायचा. दोन-दोन फुटांवर सात जोड्या, 14 वासे. प्रत्येक जोडीला खाली 10 फुटी ताण, म्हणजे दोन्ही वाशांना बांधणारं आडवं लाकूड, हवाच, नाहीतर वासे भिंती बाहेर ढकलतात. आढं 2 बाय 6, 14 फूट.

आता नगाचे घनफूट: रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत, गुणून भागिले 144. बेरीज साधारण 38 घनफूट. दहा टक्के तूट धरून 42.

पण नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात, नुसतं "42 घनफूट द्या" म्हणू नका. वखारवाला टेप लावतो, नगाच्या टोकावर खडूने आकडा टाकतो, बिल घनफुटावर करतो. सात फुटी नगांनीही 42 भरतात आणि तुमचा एकही उभा निघत नाही. म्हणून लांबीवार नगांची यादीच हातात द्यायची. रंधा मारून माप घटतं, हिशेब मात्र चिराईच्या मापाचा, हेही आधीच बोलून घ्यावं.

लाकूड कोणतं? बल्लारशाचा साग जवळ म्हणून मोह होतो, पण झाकल्या जाणाऱ्या उभ्यांना साग म्हणजे उधळपट्टी. त्यांना पाईन. खालची पट्टी तेवढी सागाच्या गाभ्याची, वाळवीसाठी.

माल आला की मधे रिपा घालून सावलीत थर रचणार, टोकांना रंगाचा हात. आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्यावरचं लाकूड आधी टोकालाच चिरतं. आढ्याला 14 फुटी सलग, सरळ नग अजून कुठे दिसला नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा जी.