कमरेपाशी सुटलेली पट्टी

गुरुवार, रात्र

फोन ठेवण्यापूर्वी दादा म्हणाला, "तू आता तिला हात लावू नकोस, मी आल्यावर बघतो." आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा सूर होता, आणि कदाचित म्हणूनच ते वाक्य सकाळपासून मनात रुतून बसले आहे. गिटारीच्या कडेने बसवलेली प्लास्टिकची पट्टी सुटली होती, ती मी चिकटवली आणि ती पुन्हा सुटली, एवढीच गोष्ट आहे.

गणपतीत सगळे घरी येणार होते, म्हणून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब आणली आणि पट्टी अंगठ्याने दाबून धरली. ती दहा सेकंदांत बसली. दुसऱ्या दिवशी कडेला पांढुरकी झाक दिसली आणि स्प्रूसच्या फिक्या लाकडात गोंद शिरून चिंचोक्याएवढा काळपट डाग पडलेला दिसला. तो डाग अजून कोणाला दाखवलेला नाही. आज खर्जाच्या तारांच्या बाजूला, कमरेपाशी, इतकी फट आहे की तिच्यात व्हिजिटिंग कार्ड सहज सरकते.

इतकी वर्षे तिच्या तारा मीच बदलल्या, पावसाळ्यात खोळीतून काढून मीच पुसून ठेवली, आणि तरी हात लावू नकोस असे मलाच ऐकावे लागले. बाबा असते तर त्यांनी... ते असो.

दुपारभर मी गोंदांचाच विचार करत बसलो. फेव्हिकॉल लाकडासाठी उत्तम असतो, कारण त्यातले पाणी लाकडात मुरते आणि मागे उरलेला गोंद रंध्रांत घट्ट बसतो. प्लास्टिक पाणी पीत नाही, त्यामुळे त्या बाजूने तो वाळल्यावर सालीसारखा सुटून येतो. अॅराल्डाइटचे दोन भाग नीट मिसळले आणि प्लास्टिक पॉलिश पेपरने खरवडून घेतले, तर ते दोन्हीला धरते, पण पुढे कधी पट्टी काढायची वेळ आली तर तिच्याबरोबर लाकडाचे पापुद्रेही निघून येण्याची भीती असते. मार्टिन कंपनीच्या जुन्या गिटारांवर सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचा पिकगार्ड, म्हणजे ओरखडे पडू नयेत म्हणून लावलेला पत्रा, कोऱ्या स्प्रूसवर थेट चिकटवलेला असे. काही वर्षांनी तो आकसला की गोंद सुटायच्या ऐवजी लाकडालाच चीर जाई. हे मला पूर्वीपासून माहीत होते, आणि तरी गणपतीत हातात ट्यूब घेताना आठवले नाही, याचेच राहून राहून वाईट वाटते. मी वापरलेला गोंद हवेतल्या आणि लाकडातल्या ओलाव्याने क्षणात घट्ट होतो खरा, पण तो ठिसूळ असतो, आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या, उन्हाळ्यात आक्रसणाऱ्या लाकडाबरोबर तो लवत नाही.

मात्र ही पट्टी कोणत्या प्लास्टिकची आहे, हा पहिला प्रश्न मी विचारलाच नव्हता. संध्याकाळी खोळ उघडली आणि पट्टीवर अंगठा जोराने घासला. एवढा हात मी लावला. अंगठ्याला कापराचा वास आला, अगदी आरतीनंतर तबकाला येतो तसा. म्हणजे हे सेल्युलॉइड आहे. जॉन वेस्ली हायट याने 1870 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. कापराच्या डबीत आई मिरे टाकून ठेवते, कारण उघडा राहिलेला कापूर उडून जातो. या पट्टीतलाही कापूर वर्षानुवर्षे हळूहळू उडत राहिला आहे आणि पट्टी आखूड होत गेली आहे. आखूड झालेली दोरी वळण सोडून सरळ जाते, तशी ती आत वळलेल्या कमरेपाशीच लाकडापासून सुटते. मी तिला दाबून बसवले तेव्हा ती आधीच ताणलेली होती, आणि त्या ताणापुढे कोणताही गोंद टिकला नसता.

हे लक्षात आल्यावर बराच वेळ नुसता बसून राहिलो. डाग आहे तो आहेच, तो माझ्या घाईचा आहे आणि दादाला तो मीच दाखवणार आहे. पण पट्टी सुटली ती केवळ माझ्या हातामुळे नाही.

खरा उपाय असा की, तळाशी, गळ्यात अडकवायचा पट्टा लावतात त्या बटणापाशी, जिथे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळतात, तिथपर्यंत ही बाजू हळूहळू सोडवायची, कमरेत ती ताण न देता बसू द्यायची, आणि टोकाशी जी दोनतीन मिलिमीटरची फट उरेल तिच्यात त्याच जातीचा तुकडा भरायचा. गोंदही त्याच जातीचा, म्हणजे अॅसिटोनमध्ये विरघळवलेले सेल्युलॉइड. ते पट्टीचा पृष्ठभाग मऊ करून तिच्याशी एकजीव होते आणि लाकडाच्या रंध्रांतही शिरते. अॅसिटोन पॉलिशही खाते, म्हणून तो दात कोरायच्या काडीने खाचेपुरताच लावावा लागेल. हे सगळे दादाला सांगेन. सोडवायची की नाही, हे त्याने ठरवावे.

गिटार पुन्हा खोळीत ठेवली आहे. दादाच्या जुन्या डबीत तारा छेडायची तुटलेली पांढरी पिक सापडली, तिलाही कापराचाच वास आला. तिचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत अॅसिटोनमध्ये टाकून बाटली खिडकीत ठेवली आणि आज घरात उदबत्ती लावू दिली नाही. रात्री दहापर्यंत त्याचा मधासारखा घट्ट रस झाला होता. एका लाकडी फळीच्या तुकड्यावर उरलेल्या पिकचा एक भाग त्याने चिकटवून वर मास्किंग टेप लावली आहे. चोवीस तास तिला सोडायचे नाही. उद्या रात्री टेप काढून तो तुकडा कटरच्या पात्याने उचकटून बघेन. दादाची गाडी रविवारी सकाळी साडेसहाला येते.