स्टिकर मिळाला एकदाचा!

न्यू जर्सीतून बॉस्टनला येऊन दीड महिना झाला आणि आज गाडीच्या काचेवर 'साउथ बॉस्टन' भागाचा, रहिवाशांना रस्त्यावर गाडी लावायच्या परवान्याचा स्टिकर चिकटला. नवऱ्याने लगेच फोटो काढला. लग्नातही इतक्या उत्साहाने काढला नव्हता!

गंमत म्हणजे हा परवाना फुकट आहे. एक डॉलरसुद्धा लागत नाही. लागतो तो जीव. आधी गाडीची नोंदणी मॅसॅच्युसेट्सची हवी, तीही बॉस्टनच्या पत्त्यावर. त्यासाठी इथला विमा, विमावाल्याचा फॉर्मवर शिक्का, मग नवी नंबरप्लेट. शिवाय राहत्या पत्त्याचा पुरावा, तो 30 दिवसांच्या आतला. मी पहिल्या खेपेला विजेचं बिल घेऊन ऐटीत गेले, ते निघालं 34 दिवसांपूर्वीचं. काउंटरवरची बाई गोड हसली आणि मी हात हलवत परत. आज बँकेचं ताजं स्टेटमेंट नेलं, दहा मिनिटांत काम झालं.

आता स्टिकर आहे म्हणजे जागा आहे असं मात्र नाही हं. संध्याकाळी चार फेऱ्या मारून तिसऱ्या गल्लीत गाडी लावलीय. शेजारच्या आजी म्हणाल्या, "थांब, बर्फ पडू दे." इथे स्वतः फावड्याने मोकळी केलेली जागा लोक जुनी खुर्ची ठेवून अडवतात, आणि जोरदार बर्फ पडताना शहर जाहीर करतं ती बर्फाची आणीबाणी उठल्यावर 48 तास ते चालतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून वाढलेली मी, मला काय शिकवताय!

घडीची खुर्ची कुणाकडे जादा आहे का?