आपला /२४ मुंबईच्या व्हीपीएसवरून: प्रगतीची नोंद

आजची स्थिती: आपला /२४, म्हणजे २५६ आयपी पत्त्यांचा ब्लॉक, मुंबईतल्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या आभासी सर्व्हरवरून) अनाउन्स होतोय, म्हणजे हे पत्ते इथे मिळतील असं इतर नेटवर्कना कळतंय; आरपीकेआय (ब्लॉक कोण अनाउन्स करू शकतो याची सही केलेल्या नोंदींशी पडताळणी) 'व्हॅलिड' आहे, रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव शोधणं) चालतंय, घरच्या रॅकपर्यंतचा टनेल उभा आहे. दुसरं शहर बाकी. खालच्या उदाहरणांत ब्लॉक २०३.०.११३.०/२४ आणि एएस (नेटवर्कचा ओळख क्रमांक) ६४५०० घेतलाय. दोन्ही दस्तऐवजांसाठी राखीव आहेत, तेव्हा कॉन्फिग उचलताना तिथे आपले आकडे घालायला विसरू नका.

आपले पत्ते होस्टिंगवाल्याकडे न्यायचे दोन मार्ग. अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या क्लाउडमध्ये बीजीपी (नेटवर्कनी एकमेकांना रूट सांगायची पद्धत) आपल्या हातात येतच नाही. ब्लॉकच्या आरडॅप नोंदीत (पत्ते कुणाकडे आहेत ते सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदीत) स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट लावायचं, जुळणाऱ्या खाजगी किल्लीने सही केलेला मजकूर द्यायचा, आणि आरओएमध्ये (कोणता एएस हा ब्लॉक अनाउन्स करू शकतो, याच्या सही केलेल्या दाखल्यात) त्यांचे १६५०९ आणि १४६१८ हे दोन एएस घालायचे. पुढचं ते करतात. तपासणीला आठवडाही लागू शकतो. दुसऱ्या मार्गात सर्व्हरवर स्वतः बीजीपी सेशन चालवायचं. व्हल्टर या होस्टिंग कंपनीकडे ही सोय आहे आणि त्यांचं मुंबईत केंद्रही आहे. छंद म्हणून शिकायचं असेल तर दुसराच मार्ग घ्यावा, कारण काय कुठे अडलं ते त्यातच दिसतं.

/२४ पेक्षा लहान तुकडा, म्हणजे २५६ पत्त्यांपेक्षा कमी, बाहेरचे बहुतेक नेटवर्क घेतच नाहीत. आयपीव्ही६ मध्ये ही मर्यादा /४८ ची. त्यामुळे एक /२४ अर्धा मुंबईत आणि अर्धा सिंगापुरात असं जमत नाही.

आता कागदपत्रं, आणि खरं काम इथेच आहे. आरओए, आयआरआरमधला (रूट्सच्या सार्वजनिक नोंदवहीतला) रूट ऑब्जेक्ट आणि एलओए (ब्लॉक अनाउन्स करायचं परवानगीपत्र) या तिन्हींत प्रिफिक्स (ब्लॉकचा पत्ता आणि लांबी) आणि एएस अक्षरशः तेच हवेत. ब्लॉक आयआरआयएनएनकडून (भारतात पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून) असेल तर त्यांच्या पोर्टलवर, थेट एपनिककडून (आशिया-पॅसिफिकच्या तशाच संस्थेकडून) असेल तर मायएपनिकवर आरओए बनवायचा.

आरओएमध्ये चूक होते ती कमाल लांबीच्या रकान्यात, म्हणजे ब्लॉकचा किती लहान तुकडा अनाउन्स करायला परवानगी आहे तिथे. समजा /२२ साठी (चार /२४ च्या ब्लॉकसाठी) आरओए आहे आणि कमाल लांबीही २२ आहे. त्यातला एक /२४ अनाउन्स केला की एएस बरोबर असूनही तो 'इनव्हॅलिड' ठरतो आणि आरपीकेआय तपासणारे सगळे नेटवर्क तो टाकून देतात. आरओए अजिबात नसता तर रूट निदान 'नॉट फाउंड' म्हणून चालून गेला असता. म्हणजे चुकीचा आरओए हा नसलेल्यापेक्षा वाईट. मग सरसकट २४ लिहून मोकळं व्हावं, असं वाटतं. तेही करू नका. आपण फक्त /२२ अनाउन्स करतोय आणि आरओए /२४ पर्यंत मोकळा आहे, तर कुणीही आपला एएस पाथच्या (रूट ज्या एएसमधून आला त्यांच्या यादीच्या) शेवटी खोटा लावून त्यातला /२४ अनाउन्स करेल, आणि तो 'व्हॅलिड' दिसेल. शिवाय जास्त नेमका, म्हणजे लहान तुकडा, असल्याने ट्रॅफिक तिकडेच जाईल. २०२२ चा आरएफसी ९३१९ (इंटरनेट मानकांच्या मालिकेतला दस्तऐवज) हेच सांगतो: जेवढं अनाउन्स करता तेवढ्यालाच आरओए द्या.

आरओएत एएस कोणता घालायचा हाही घोळ होतो. नियम साधा: जगाला पाथच्या शेवटी जो एएस दिसतो तो. स्वतःचा एएस असेल तर तो. नसेल तर व्हल्टर सेशनपुरता एक खाजगी एएस देतं, पण बाहेर ब्लॉक २०४७३ मधून आलेला दिसतो. तेव्हा आरओएतही २०४७३ हवा, खाजगी नको. जागा बदलताना आधी नव्या एएसचा आरओए जोडा, रूट हलवा, मगच जुना काढा. एकाच ब्लॉकला दोन आरओए असायला काहीच हरकत नाही.

रूट ऑब्जेक्ट बनवल्यावर लगेच परिणाम शोधू नका. वरचे (आपल्याला जगाशी जोडणारे) नेटवर्क आयआरआरवरून फिल्टर ठरावीक वेळाने बांधतात, बरेचदा दिवसातून एकदा. एलओएवर सही करणाऱ्याचं नाव हूइजच्या (आरडॅपसारख्याच सार्वजनिक) नोंदीतल्या नावाशी जुळत नसेल तर तिकीट परत येतं.

सर्व्हरवर बर्ड २, हा बीजीपी चालवणारा प्रोग्राम. एका स्टॅटिक प्रोटोकॉलमध्ये अख्खा /२४ 'रिजेक्ट' म्हणून टाकायचा. अनाउन्स करायला टेबलमध्ये रूट असायला हवा, म्हणून. व्हल्टरचा शेजारी (सेशनचं पलीकडचं टोक) १६९.२५४.१६९.२५४, त्याचा एएस ६४५१५, मल्टिहॉप २, आणि एमडी५ पासवर्ड त्यांच्या पॅनेलवरचा. शेजारी आपल्या सबनेटमध्ये नाही, म्हणून मल्टिहॉप गाळला तर सेशन उभंच राहत नाही. सोर्स पत्ता व्हीपीएसचा मूळ सार्वजनिक पत्ता; नव्या ब्लॉकमधला पत्ता तिथे चालत नाही.

इम्पोर्ट, म्हणजे शेजाऱ्याकडून रूट घेणं, 'नन' ठेवा. पूर्ण आयपीव्ही४ टेबल नऊ लाख रूट्सच्या वर गेलंय, आणि एकाच अपस्ट्रीमवाल्या (वरच्या नेटवर्कवाल्या) छोट्या व्हीपीएसला त्याचा उपयोग शून्य. एक्सपोर्टमध्ये (आपण बाहेर पाठवतो त्यात) मात्र आपल्या /२४ चं नाव घेऊन लिहा, 'ऑल' कधीही नको. बर्ड २ बाहेरच्या शेजाऱ्यासाठी धोरण न लिहिल्यास कॉन्फिगच नाकारतो, आणि ते योग्यच आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबचा २०८.६५.१५३.०/२४ देशात बंद करण्यासाठी टाकलेला रूट बाहेर गेला आणि जगभरचं यूट्यूब ट्रॅफिक तिकडे वळलं. आपल्या 'रिजेक्ट' रूटची जातकुळी तीच आहे. फरक करतो तो एक्सपोर्टचा फिल्टर.

बर्डच्या कन्सोलवर 'शो प्रोटोकॉल्स' दिलं आणि 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं तर खूश होऊ नका. त्याचा अर्थ अजून जोडणी मिळवायची धडपड चाललीय. हवं असतं 'एस्टॅब्लिश्ड'. इथे अडकलात तर आधी डीमेसेज (कर्नलचा लॉग) पाहा. एमडी५ जुळत नसेल तर कर्नल पॅकेट टाकून देतो आणि बर्डला कारण कळत नाही, पण कर्नलच्या लॉगमध्ये 'एमडी५ हॅश फेल्ड' अशी ओळ असते. बहुतेक वेळा पासवर्ड चिकटवताना मागे एक स्पेस आलेली असते. तसं नसेल तर टीसीपी पोर्ट १७९ फायरवॉलमध्ये उघडं आहे का ते बघा.

सेशन उभं राहिलं तरी पिंग लागेलच असं नाही. आधी 'शो रूट एक्सपोर्ट'मध्ये आपला ब्लॉक दिसतो का, मग राइपस्टॅट किंवा बीजीपी डॉट टूल्सवर बाहेरून दिसतो का, हा क्रम. बाहेरून दिसतोय पण उत्तर नाही, तर डमी इंटरफेसवर २०३.०.११३.१/३२ लावलाय का तपासा. टीसीपीडम्पमध्ये (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणाऱ्या साधनात) विनंती येताना दिसते, उत्तर निघतानाही दिसतं, तरी पलीकडे पोचत नाही? मग होस्टिंगवाल्याचा सोर्स फिल्टर (पाठवणारा पत्ता तपासणारा) आपला ब्लॉक ओळखत नाही. त्याचं तिकीट टीसीपीडम्पच्या दोन ओळींसह टाका, काम लवकर होतं.

घरच्या रॅकसाठी वायरगार्ड, हा टनेल बांधणारा प्रोग्राम. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट (अनेक ग्राहकांत वाटलेला एकच सार्वजनिक पत्ता) असतो, म्हणून घरच्या बाजूने पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं पॅकेट) दर २५ सेकंदांनी. व्हीपीएसवर २०३.०.११३.१६/२८ चा रूट टनेलकडे; तो /२४ च्या रिजेक्टपेक्षा नेमका असल्याने तोच लागू होतो. घरी त्या /२८ मधून निघणाऱ्या पॅकेट्ससाठी वेगळं राउटिंग टेबल आणि 'फ्रॉम' नियम हवा, नाहीतर उत्तरं घरच्या आयएसपीकडून निघतात आणि तिथेच मरतात. आरपी फिल्टर (पॅकेट आलं त्याच वाटेने उत्तर जाईल का, ही लिनक्सची तपासणी) कडक असेल तर येणारीही मरतात. तो २ वर, म्हणजे सैल, ठेवा. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १४२०, म्हणून टीसीपी एमएसएस (त्यातला डेटाचा भाग) १३८० ला बांधा. हे राहिलं तर एसएसएचचं लॉगिन अर्ध्यावर लटकतं किंवा मोठी वेबपानं उघडत नाहीत, आणि पिंग मात्र छान चालतं.

रिव्हर्स डीएनएससाठी ११३.०.२०३ च्या झोनचा डोमेन ऑब्जेक्ट, दोन नेमसर्व्हर. झोन आधी उभा करा, ऑब्जेक्ट नंतर. भौगोलिक स्थानासाठी आरएफसी ८८०५ ची जिओफीड फाइल: एक ओळ, त्यात ब्लॉक, देश, राज्य, शहर. तिचा दुवा हूइजमध्ये टाकला. स्थान दाखवणारे डेटाबेस आपापल्या सवडीने ती वाचतात. विकत किंवा भाड्याने घेतलेल्या ब्लॉकवरून मेल पाठवायचा असेल तर व्यवहाराआधीच स्पॅमहाउसवर (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीवर) शोध घ्या.

उरलंय ते दुसरं शहर. तिथूनही हाच /२४ जाणार, म्हणजे एनीकास्ट (एकच पत्ता अनेक ठिकाणांहून). डीएनएस दोन्हीकडे सारखाच हवा आणि घरचा टनेलही दोन्हीकडून. एखादं ठिकाण देखभालीला काढताना बर्ड तडक बंद करायचा नाही: आधी ६५५३५:० ही ग्रेसफुल शटडाउन कम्युनिटी (रूटला लावायची खूण) लावायची, ट्रॅफिक दुसरीकडे सरकलेलं आलेखावर दिसू द्यायचं, मग रूट मागे घ्यायचा. अपस्ट्रीम ही कम्युनिटी मानत नसेल तर आपला एएस पाथमध्ये तीनदा जास्तीचा लावून तेच साधायचं. पुढची चाचणी याचीच.