पुढच्या ब्रेक डिस्क घरीच बदलताना

आज अंगणात पुढच्या दोन्ही डिस्क, नव्या पॅडसकट, बदलून झाल्या. गोव्यात किनाऱ्यालगतच्या गाड्यांचा खरा शत्रू गंज. खारी हवा आणि पाऊस मिळून डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) घट्ट धरून ठेवतात. डिस्कवर आट्यांची दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट (बहुतेकदा ८ मिमीचे) आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, डिस्क सुटते. हातोड्याने धोपटू नका, बेअरिंगला मार बसतो. हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने स्वच्छ घासा, कंटाळा करू नका. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही किंचित वाकडी फिरते आणि पुढे पेडल थरथरतं.

कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीवर, लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. कॅलिपरमधला पिस्टन सी-क्लॅम्पने हळू मागे ढकला, टाकीतलं ब्रेक ऑइल वर येतं आणि सांडलं तर रंग खातं. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांना सिलिकॉन ग्रीस. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने काढा. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा! मग नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, मध्ये पूर्ण न थांबता. चोर्ला घाटाचा उतार त्यानंतरच.