गळिताच्या तोंडावर एडीओ

२०११ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. व्हिज्युअल सी++ मध्ये लिहिलेलं, डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या फाइलमध्ये, आणि त्या फाइलशी बोलायला एडीओ ही मायक्रोसॉफ्टची लायब्ररी. ट्रॉली भरून आत येते, रिकामी होऊन बाहेर पडते, दोन वजनांची वजाबाकी पावतीवर छापली जाते. शेतकऱ्याचं बिल त्या पावतीवरून निघतं, म्हणून हे काम मला कधीच किरकोळ वाटलं नाही. हंगाम तोंडावर आला होता आणि कारखान्याला पावतीचा नमुना बदलून हवा होता.

पावतीचं नवं मॉड्यूल माझ्या ज्युनिअर सहकाऱ्याने लिहिलं. सकाळी बिल्ड केलं, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवायला घेतला, तर आमच्या कोडमध्ये जिथे जिथे रेकॉर्डसेट (डेटाबेसमधून आलेल्या नोंदींचा संच) संपला का हे तपासलं होतं, तिथे तिथे सिंटॅक्स एरर.

“सर, लायब्ररी सापडत नाहीये बहुतेक.”

लायब्ररी सापडली नसती तर सी१०८३ ही ‘फाइल उघडता येत नाही’ अशी एरर येऊन कंपायलर तिथेच थांबला असता. मी त्याला यादी अगदी वर न्यायला सांगितली. पहिली एरर आमच्या कोडमध्ये नव्हतीच. ती होती सी२६२९, तिच्या पाठोपाठ सी२२३८, आणि दोन्ही ‘एमएसएडीओ१५.टीएलएच’ या फाइलमध्ये. ही फाइल माणूस लिहीत नाही. #इम्पोर्ट हा आदेश एमएसएडीओ१५.डीएलएल या एडीओच्या फाइलमधली टाइप लायब्ररी (आत काय काय आहे याचं वर्णन) वाचतो आणि तिच्यावरून टीएलएच आणि टीएलआय अशा दोन फाइली स्वतः तयार करतो. त्या उघडून वाचायचा कंटाळा करणारे खूप आहेत, आणि तिथेच त्यांचा दिवस जातो.

त्या ओळीवर रेकॉर्डसेटची ‘ईओएफ’ ही, नोंदी संपल्या का ते सांगणारी प्रॉपर्टी होती. पण सी भाषेच्या एसटीडीआयओ.एच या हेडर फाइलमध्ये ईओएफ नावाचा मॅक्रो (जिथे दिसेल तिथे ठरलेल्या मजकुराने बदललं जाणारं नाव) आधीपासून आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या हेडरमध्ये त्याची किंमत कंसातला उणे एक. कंपायलरच्या आधी ही अदलाबदल करणाऱ्या प्रीप्रोसेसरला संदर्भ कळत नाही. प्रॉपर्टीचं नाव पुसून त्याने तिथे उणे एक बसवला आणि कंपायलरपुढे ‘शॉर्ट (-१);’ असलं काहीतरी येऊन पडलं. आमच्या कोडमधल्या सगळ्या एरर याच एका अदलाबदलीच्या.

“ही ओळच कॉमेंट करू का?” त्याने विचारलं. नको. पुढच्या क्लीन बिल्डला फाइल पुन्हा जशीच्या तशी तयार होईल. उपाय #इम्पोर्टच्याच ओळीत आहे: रीनेम लावायचं, ईओएफचं एडीओईओएफ करायचं आणि कोडमध्येही तेच नाव वापरायचं. जुन्या मॉड्यूलमध्ये ते होतंच, नव्यात राहून गेलं होतं. मग मी #इम्पोर्ट दोन्हीकडून काढून एकाच सामायिक हेडरमध्ये ठेवलं. बिल्ड स्वच्छ झालं.

खरा घोळ दुपारी. काट्यावरची मशिनं विंडोज एक्सपीची, म्हणून ऑफिसातही एक एक्सपी मशीन चाचणीसाठी ठेवलं होतं. तिथे प्रोग्रॅम सुरू होताच कनेक्शन तयार करतानाच बंद: ८०००४००२, म्हणजे प्रोग्रॅमने मागितलेला इंटरफेस (लायब्ररीशी बोलायचा ठरलेला दुवा) तिथे नाहीच. कुणी म्हणालं, एमडॅक (एडीओ ज्यात येतं तो मायक्रोसॉफ्टचा संच) पुन्हा टाका. पण एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ सोबत एमडॅक २.८ असतंच, आणि जुनी ईएक्सई, म्हणजे आधीचा तयार प्रोग्रॅम, त्याच मशीनवर बिनतक्रार चालत होती.

बदललं काय होतं? बिल्डचं मशीन. त्यावर विंडोज ७ चा सर्व्हिस पॅक १ नुकताच चढला होता. मी जुन्या बिल्डमधली टीएलएच काढून नव्या टीएलएचशेजारी उघडली. कनेक्शन इंटरफेसचा ओळख क्रमांक जुन्यात ०००००५५० ने सुरू होत होता, नव्यात ००००१५५० ने. जुना क्रमांक नव्या फाइलमध्येही होता, पण नावाला ‘डेप्रिकेटेड’ असं शेपूट जोडलेलं. ६४ बिटांसाठी मायक्रोसॉफ्टने एडीओचे इंटरफेस बदलले होते आणि तेच नाव नव्या क्रमांकाला दिलं होतं. म्हणजे कोडचं एक अक्षरही न बदलता आमची ईएक्सई एक्सपीकडे असा इंटरफेस मागत होती, जो तिथे कधी नव्हताच.

कंपायलरने याबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि मला आजही हीच गोष्ट अधिक धोक्याची वाटते. सकाळच्या एररनी निदान काम अडवलं तरी. ही ईएक्सई चाचणीशिवाय गेली असती तर काट्यासमोर ट्रॉल्यांची रांग लागली असती.

एक्सपी मशीनवरची एमएसएडीओ१५.डीएलएल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणली, #इम्पोर्टचा मार्ग तिकडे वळवला आणि ती फाइल सोर्स कंट्रोलमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात, टाकली. हे फक्त बिल्डपुरतं, गिऱ्हाइकाच्या मशीनवर ती द्यायची नाही. जुने क्रमांक विंडोज ७ ओळखत होतंच, त्यामुळे तीच ईएक्सई दोन्हीकडे चालली. पुढे मायक्रोसॉफ्टनेही दुरुस्ती दिली, पण आम्ही बिल्ड मशीनवरच्या लायब्ररीवर पुन्हा विसंबलो नाही. संध्याकाळी नव्या नमुन्याची चाचणी पावती छापून भरलेलं, रिकामं आणि निव्वळ वजन हाताने ताडून पाहिलं, आणि मगच ईएक्सई कारखान्याकडे पाठवली.